झुंबरनं नापास केलेली केबल

आमच्या कंपनीत विमानं दोन आणि शहाणी माणसं पंचवीस. त्या पंचविसांत ज्याच्या शब्दापुढं कुणी दुसरा शब्द काढत नसे असा एकच गडी होता, झुंबर कुटे, राहणार सायखेडा. मी स्वतः शहाण्यांत मोडतो. इंजिनाच्या कामात काळू मिस्त्री म्हणून माझं नाव होतं आणि माझ्या तोंडी लागायला साहेबसुद्धा कचरायचे. पण झुंबर एखादी केबल हातात घेऊन "नापास" म्हणाला, की मीही गप्प बसायचो.

कंपनीचं काम फवारणीचं. उसावर रस पिणारी पाकोळी आली, कपाशीवर बोंडअळी आली, की आमची एका माणसाची छोटी विमानं पिकाच्या शेंड्यांना लागतील इतकी खाली उडत आणि औषध मारत. नाशिकबाहेर सायखेड्याच्या अंगाला मुरमाची धावपट्टी, पत्र्याचा हँगर, औषधाची पिंपं आणि फाटकाशी एक कडुनिंब, एवढाच आमचा पसारा. लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायची. लोकांना वाटतं विमान म्हणजे इंजिन. मलाही तसंच वाटे, माझं पोटच त्यावर होतं. पण वैमानिक हातातला दांडा मागं ओढतो तेव्हा शेपटीवरची फळी हलते आणि विमान नाक वर काढतं, ते एका पोलादी केबलीच्या जोरावर. करंगळीहून कितीतरी बारीक, केसासारख्या तारा पिळून केलेली ती केबल विमानाच्या पोटातून, पुल्यांवरून शेपटीपर्यंत गेलेली असते. ती तुटली, तर इंजिन कितीही गुणाचं असो, वैमानिकाच्या हातात नुसता दांडा राहतो. आणि आमची विमानं जमिनीला इतकी धरून उडायची, की सावरायला जागाच नसे.

झुंबर चौऱ्याहत्तर साली हेल्पर म्हणून लागला. त्याच्या बापानं जन्मभर मोट हाकलेली. मोटेचा नाडा कुठं झिजतो हे झुंबरला पोरवयापासून ठाऊक होतं, आणि केबलही पुलीवरून जाते तिथंच झिजते हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, की केबलीवरून कापड फिरवा. तार तुटलेली असेल तर तिचं टोक उभं राहतं आणि कापडाचा धागा त्यात अडकतो. झुंबर त्यासाठी बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं वापरायचा. आम्ही त्याला चिडवायचो, की अमेरिकेतल्या लोकांना हे कळलं तर विमानाबरोबर एकेक लुगडंही पाठवतील. तो हसायचा नाही. कामात असला की तो मंत्र म्हणणाऱ्या भटजीइतकाच निरुपयोगी असायचा गप्पांना.

वरची तुटलेली तार सापडणं सोपं. अवघड काम पुढंच होतं. फवारणीचं औषध वाऱ्यानं मागं येऊन शेपटीत शिरतं, केबलीच्या पिळात मुरतं आणि तिला आतून गंजवतं. वरून पुसली तर केबल नवरीसारखी चकचकीत. म्हणून झुंबर दर हंगामाआधी केबली काढून रॉकेलमध्ये धुवायचा, एकेकीचं वेटोळं करायचा आणि चिमटीत धरून हळूहळू फिरवायचा. धड केबल मऊ वळते. आतून गंजलेली वळताना बोटांना बारीक खरखर लागते. ती खरखर मला कधीच कळली नाही, साहेबांनाही नाही. झुंबरनं नापास केलेल्या केबली आम्ही सुरुवातीला कापून, पीळ उलगडून बघायचो. आत तांबूस भुकटी निघायची. पुढं पुढं कापून बघणंही आम्ही सोडून दिलं, इतका त्याचा शब्द पक्का होता.

हातमोजे घातले तर खरखर कळत नाही, म्हणून त्यानं हातमोजे कधी घातले नाहीत. कंपनीनं दिलेली जोडी त्यानं शेतात भावाला देऊन टाकली. त्या केबलींवरचं औषध वर्षानुवर्षं त्याच्या बोटांत मुरत राहिलं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जे पोलाद खातं ते माणसाच्या बोटांना काय सोडणार आहे.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, चांगुणाला, ते पहिल्यांदा कळलं. झुंबर ओट्यावर बिडी ओढत बसला होता आणि कातडं जळाल्याचा वास आला. बिडी बोटांपर्यंत जळत आली होती आणि हा पठ्ठ्या आरामात समोर बघत होता. तिनं त्याच्या हातातून थोटूक काढून फेकलं. मग तिनं त्याला डोळे मिटायला लावून त्याच्या बोटांत एकदा ज्वारीचा दाणा दिला, एकदा हरभऱ्याचा. त्याला ओळखता येईना. नाशिकच्या डॉक्टरनं सांगितलं, की बोटांच्या टोकाकडच्या शिरा औषधानं मेल्यात, त्या परत यायच्या नाहीत, आणि हे काम आता सोडा. झुंबरनं मान हलवली, टांग्यातून स्टँडवर आला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर झाला.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही, आणि आम्ही दोघं एका डब्यात जेवायचो. मला आजही त्याचा राग येतो. पण त्याचं खरं दुखणं काय होतं तेही कळतं. नोकरी गेली असती, हे होतंच. त्याहून मोठं म्हणजे, झुंबर कुटे म्हणजे "पास" आणि "नापास" हे दोन शब्द. ते काढून घेतले तर खाली सायखेड्याचा एक सातवी शिकलेला माणूस उरायचा, ज्याच्या वाटणीची जमीन भावानं कधीच दाबली होती.

आणि मग चांगुणानं त्याला वाट दाखवली.

चांगुणा कळवणकडची. लग्नाआधीपासून कांदा साठवायच्या चाळीत जाणारी, आणि सायखेड्यातही व्यापाऱ्याच्या चाळीत कांदे निवडायला रोजानं जायची. कांदा वरून लालभडक, टणक दिसतो आणि आतून नासलेला असतो. असा एक कांदा राहिला तर सगळी रास खराब होते. निवडणारी बाई कांदा उचलते, मानेशी अंगठा दाबते, आणि खाली टोपलीत पडेपर्यंत तिला कळलेलं असतं. चांगुणाचा हात त्यात इतका पक्का, की मुकादम तिच्यामागं पुन्हा बघायला दुसरी बाई बसवत नसे. ती नवऱ्याला म्हणाली, की तुमची ती दोरी एकदा घरी आणा बरं.

हंगाम नसताना केबली धुवायला काढलेल्याच असायच्या. झुंबर एक केबल पिशवीत घालून सायकलवरून घरी घेऊन गेला. सोबत एक जुनी, नापास झालेलीही नेली. चांगुणानं दोन्ही चिमटीतून फिरवल्या आणि जुनी लगेच बाजूला टाकली. त्या दिवसापासून आमच्या विमानांच्या केबली सायखेड्याच्या एका ओट्यावर तपासल्या जाऊ लागल्या आणि आम्हाला पत्ता नव्हता. झुंबरनं दोन वर्षांत दोन केबली नापास केल्या. मी हौसेनं एक कापून बघितली होती. आत तांबूस भुकटी होती.

पुढं त्यानं मला सांगितलं, की चांगुणा केबल फिरवत असताना तो तिच्या बोटांकडं बघत बसायचा. तिला एखाद्या जागी थांबलेलं बघितलं, की त्याला बरं वाटायचं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्र्याऐंशीच्या हंगामाच्या तोंडावर शेपटीच्या जोडीतली, नाक वर ओढणारी केबल चांगुणानं बाजूला ठेवली. मधोमध, पुलीवर बसते तिथं, आतून नासलीय म्हणाली. झुंबरनं हँगरमध्ये येऊन सांगितलं, "नापास."

या वेळी नवी केबल गोदामात नव्हती. एक विमान आधीच सुट्या भागांवाचून उभं होतं, त्याच्या केबली केव्हाच काढून वापरल्या होत्या, आणि उरलेल्या एकावर नदीकाठच्या सगळ्या उसाचं काम होतं. केबल परदेशातून यायची, परवाना दिल्लीहून, आणि तोवर पाकोळी ऊस पिऊन टाकणार. आमचे साहेब वाईट नव्हते, हीच त्यातली वाईट गोष्ट. वाईट असते तर त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी मुंबईहून एक जाणता इंजिनिअर बोलावला. त्यानं केबल भिंगाखाली धरली, वाकवली, वेटोळं करून फिरवली आणि म्हणाला, की मला यात काही दोष दिसत नाही. कापून बघू म्हटलं तर धड निघाली की काय करायचं, दुसरी नाही. साहेबांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ते हँगरमध्ये आले, सगळ्यांना बोलावलं आणि झुंबरला म्हणाले, "झुंबर, तू म्हणतोस तर मी विमान उभं करीन. मला एकदा फक्त दाखव."

त्यांनी जोडीतल्या दोन्ही केबली धुऊनपुसून टेबलावर ठेवायला लावल्या. सारख्या लांबीच्या, सारख्या चकचकीत. एक नापास केलेली, दुसरी त्यानंच पास केलेली. डोळ्यांवर रुमाल बांधायला सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं तोंड बंद होईल सगळ्यांचं. मी अगदी पुढं जाऊन उभा राहिलो.

झुंबरनं पहिली केबल चिमटीतून फिरवली. मग दुसरी. पुन्हा पहिली. त्याच्या कपाळावरून घाम रुमालात उतरत होता. त्यानं केबल गालाला लावली, मग ओठांना लावली. तेव्हा मला काहीतरी कळायला लागलं. शेवटी त्यानं एकीवर हात ठेवला. "ही," तो म्हणाला.

ती पास केलेली होती.

त्यानं रुमाल काढला, सगळ्यांची तोंडं बघितली आणि मग त्यानं खरं सांगून टाकलं. म्हणाला, माझ्या बोटांना आता कळत नाही. ती केबल माझ्या बायकोनं तपासली आहे. ती कांदे निवडते. तिचा हात चुकत नाही. मग एक जण फिसकन हसला, आणि एकानं दार उघडलं की सगळे शिरतात तसे सगळे हसले. पहिला हसणारा कोण होता ते मला ठाऊक आहे. तो आता वारला, म्हणून नाव घेत नाही.

मी साहेबांना तिथंच म्हणालो, की मग तिला बोलवा, तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. साहेबांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, "काळू, समज तिनं ओळखली. विमाकंपनीला काय सांगू मी? कांदे निवडणाऱ्या बाईनं सांगितलं म्हणून विमान उभं केलं? आणि समज नाही ओळखली, तर तिचीही शोभा करायची का?"

दुसऱ्या दिवशी चांगुणा आपणहून आली. सायखेड्याहून चालत. रखवालदारानं तिला आत सोडलं नाही, ती कडुनिंबाखाली बसून राहिली. दुपारी साहेब स्वतः बाहेर गेले, तिला चहा दिला. ती डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, ती दोरी आतून नासलीय. माझ्या हाताला कळतंय. मला दुसरं काय नाय पायजे, तेवढी लावू नका." साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, काळजी करू नका म्हणाले आणि आपल्या जीपनं तिला घरी पोहोचवलं. चांगुणा जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसली ती त्या दिवशी. गावात लोकांना वाटलं, काहीतरी मोठा मान मिळाला.

केबल विमानात परत बसवली गेली. झुंबरला कामावरून कमी केलं, पण सन्मानानं. हँगरमध्ये खुर्ची ठेवली, शाल आणि नारळ दिला, साहेब चार शब्द चांगले बोलले. झुंबर शाल पांघरून बसला होता आणि त्याची नजर सारखी विमानाच्या शेपटीकडं जात होती. कार्यक्रम संपल्यावर तो आमच्या वैमानिकाकडं, कॅप्टन यादवकडं गेला. कॅप्टन तरुण, हसतमुख, साध्या मनाचा माणूस. झुंबरला नेहमी दादा म्हणायचा. झुंबरनं त्याला हात जोडून सांगितलं, की ती केबल बदलल्याबिगर बसू नका. कॅप्टननं त्याचे जोडलेले हात खाली केले. म्हणाला, "दादा, मुंबईच्या माणसानं बघितली, साहेबांनी बघितली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी बाजूलाच होतो. कॅप्टनचं काय चुकलं ते मला सांगता यायचं नाही.

मग हंगाम सुरू झाला आणि झुंबरचे हाल सुरू झाले.

ऊस सगळा नदीकाठचा, म्हणजे झुंबरच्या घराच्या आजूबाजूचाच. रोज सकाळी वारा पडलेला असतानाच विमान यायचं. उसाच्या तुऱ्यांना घासत जायचं, बांधाशी पोचलं की नाक वर काढून उसळायचं, वळायचं, परत खाली. झुंबर ओट्यावर बसून बघायचा. नाक वर जातं तेव्हाच त्या केबलीवर सगळा ताण येतो, हे त्याच्याइतकं सायखेड्यात कुणाला ठाऊक होतं? आणि कॅप्टन यादव भला माणूस. झुंबरदादाला बरं वाटावं म्हणून तो काम संपलं की मुद्दाम त्याच्या घरावरून जायचा आणि घराच्या अगदी वर विमान सपकन वर ओढायचा. पोरं टाळ्या वाजवायची.

मी आठवड्याच्या बाजाराला सायखेड्याला गेलो की त्याच्याकडं डोकवायचो. तो वाळत चालला होता. विमानाचं काय चाललंय एवढंच विचारायचा. बरं चाललंय म्हटलं की "बरं हाय" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. गावानं त्याचं नाव कांदेवाला इंजिनिअर पाडलं होतं. चाळीत चांगुणाला बाया विचारायच्या, की काय गं, आज इमानाचा कांदा का आपला? ती कांदे निवडत राहायची. तिच्याच मजुरीवर आता घर चालत होतं, त्यामुळं जाणं भाग होतं. घरात नवरा तिच्याशी बोलत नव्हता. एकदाच बोलला होता म्हणे. "तुझ्या हातानं माझं वाटोळं केलं," एवढंच. तिनं तेही ऐकून घेतलं.

मी हँगरमध्ये एकदा दोनदा त्या केबलीवरून फडकं फिरवून बघितलं. काही अडकलं नाही. अडकणार नव्हतंच, दुखणं आतलं होतं. की नव्हतंच? मलाही कळेना. विमान रोज उडत होतं, रोज उतरत होतं, आणि रोज संध्याकाळी झुंबर थोडा थोडा खोटा ठरत होता. एखादा माणूस खरा ठरावा म्हणून दुसऱ्यानं मरावं, अशी वेळ देवानं कुणावर आणू नये. पण आणली होती.

हंगाम संपला. काही झालं नाही. कंपनीचं मात्र व्हायचं ते झालं. विमानातून फवारायचं काम कमी होत चाललं होतं, मालकांनी गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि चालू विमान मद्रासकडच्या कुणाला तरी विकलं. कॅप्टनला तिकडंच नोकरी मिळाली. विमान तोच उडवत नेणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी कॅप्टन फटफटीवरून झुंबरच्या घरी आला. रविवार होता, मीही तिथंच बसलो होतो. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. त्याला मुलगा झाला होता. त्यानं वाकून झुंबरच्या पायांना हात लावला, चांगुणाला वहिनी म्हणून नमस्कार केला. म्हणाला, "दादा, तुमची आठवण काढूनच बसायचो रोज. बघा, धडधाकट आहे."

झुंबरनं हसायचा प्रयत्न केला. मग विचारलं, ती केबल बदलली का. कॅप्टन म्हणाला, नाही, तीच आहे, विमानाबरोबर तीच चाललीय मद्रासला. झुंबरनं दोनदा मान हलवली. मला आत कुठंतरी कळलं, की आता हा माणूस खरा होता की खोटा ते आम्हाला कधीच कळायचं नाही. केबल मद्रासला चालली, तिथं तुटली तरी पत्र कोण पाठवणार, आणि नाही तुटली तरी कोण सांगणार? कॅप्टननं चहा घेतला, पोराचं वजन सांगितलं, मला मिठी मारली आणि गेला.

फटफटीचा आवाज चावडीपाशी बारीक झाला. मग झुंबर बोलला. माझ्याकडं बघून नाही, समोरच्या उसाकडं बघून.

"काळूभाऊ, रोज सकाळी इमानाचा आवाज आला का मला वाटायचं, आज पडावं. एकदा पडलं म्हंजी समद्यांना कळंल. त्या लेकरासारख्या माणसाला मी रोज मारत व्हतो."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माणसाच्या मनात येतं असं, त्यानं कुणी मरत नाही, असंच काहीसं. चांगुणा ताटलीत पेढे मांडत होती. तिचा हात थांबला.

"मलाबी वाटायचं," ती म्हणाली. "तुमच्या आधीपासनं."

झुंबरनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांनी तो बायकोच्या तोंडाकडं बघत होता. ती त्याच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं ताटली माझ्यापुढं केली. मी पेढा उचलला आणि धरून बसलो. तो मला खाववेना, आणि परत ठेवणंही बरं दिसत नव्हतं.